भोंग्याने रंगवलेला बाक

मी एक जुना बाक आहे, आणि माझ्यावर बसून गेलेल्या बहुतेक माणसांबद्दल माझं मत वाईट आहे. आधीच सांगून टाकतो, मित्रांनो. म्हणजे पुढे मी कुणाला नावं ठेवली तर तुम्हाला धक्का बसायचा नाही.

फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेसमोर, मी सिमेंटमध्ये पाय रोवून उभा आहे. एका पाडलेल्या गोदामाच्या दरवाजाच्या फळ्या काढून एका सुताराने मला बनवलं. लाकूड उत्तम होतं, सुतार यथातथाच. त्याने उजव्या टोकाला एक खिळा अर्धवट ठोकला आणि वर तोंड करून म्हणाला, "आता हा बाक हलत नाही बघा." मी हललो नाही, हे खरं. पण त्या खिळ्याने आजवर किती चड्ड्या फाडल्या असतील, त्याची गणती नाही.

मला हिरवा रंग दिला त्या दिवशी क्लबच्या अध्यक्षांनी माझ्यावर बसून फोटो काढून घेतला. "हा बाक म्हणजे आपल्या मुलांच्या शिस्तीचा पाया आहे," असं ते भाषणात म्हणाले. त्यानंतर ते कधी फिरकले नाहीत. माझा रंग उडाला, फळ्यांना कुसळं आली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. शिस्तीच्या पायाला रंगाचा एक हात द्यावा, एवढंही कुणाला सुचलं नाही.

माझं काम राखीव खेळाडूंना बसवून घेण्याचं. त्यांच्या शेजारी बसले ते कोच. त्यांचं काय सांगू? एकजण मॅच चालू असताना डुलक्या काढायचा आणि गोल झाला की दचकून टाळ्या वाजवायचा, गोल कुणीही केलेला असो. दुसरा लोहचुंबकाच्या सोंगट्या फळ्यावर इकडून तिकडे सरकवायचा. पोरं मैदानात वाट फुटेल तिकडे धावायची आणि हा फळ्यावर जिंकायचा. तिसऱ्याने हरल्यावर मला लाथ मारली. त्याचं बोट सुजलं, मला काही झालं नाही.

पण कोच परवडले. मला खरा वीट आला होता तो पालकांचा. आपलं पोर मैदानात उतरलं रे उतरलं की यांच्या अंगात येतं. ज्यांना स्वतःला जिना चढताना धाप लागते, ती माणसं कडेला उभी राहून "अरे पळ, पळ की" म्हणून ओरडतात. आणि या सगळ्यांचा शिरोमणी म्हणजे भोंगा.

भोंगा हे पोरांनी पाठीमागे ठेवलेलं नाव. माणूस उंच, पोट सुटलेलं, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं वळून बघत. त्याची तीन मुलं या मैदानावर खेळली. मोठ्या मुलाने सोडलं, मधल्याने सोडलं, आता धाकटी मुलगी आमच्या संघाची गोली होती, म्हणजे गोल राखणारी. दोन मुलं खेळ सोडून घरी बसली, त्याला हा गृहस्थ अनुभव म्हणायचा. जो कोच नवा येईल त्याला पहिल्याच दिवशी गाठून माझ्यावर बसवायचा आणि शहाणपण शिकवायचा.

यंदाची हेडकोच नवी होती. तरुण मुलगी, बोलायला शांत, गुडघ्यावर जुन्या टाक्यांची खूण. पोरं तिला ताई म्हणायला लागली. पहिल्या प्रॅक्टिसनंतर भोंगा आलाच. माझ्यावर असा बसला की फळी कुरकुरली.

"मॅडम, तुम्ही नव्या आहात म्हणून सांगतो," तो म्हणाला. "पोरांना सांभाळणं सोपं, पालकांना सांभाळणं अवघड. त्यांना पहिल्या दिवसापासून मैदानापलीकडे उभं करा. एकदा इकडे आले की हलत नाहीत."

"बरं," ताई म्हणाली.

"दुसरं. ज्याचं तोंड जास्त चालतं ना, त्याच्या हाताला काम द्या. हात गुंतले की तोंड आपोआप बंद होतं. आणि सगळ्यांना सांगा, घरी जाताना गाडीत मॅचचा विषय काढायचा नाही. पोरं मैदानात हरत नाहीत मॅडम, मागच्या सीटवर हरतात."

मी ऐकत होतो आणि माझा राग अनावर होत होता. कारण यातला शब्दन् शब्द खरा होता. इतकी वर्षं ऐकलेल्या सल्ल्यांत इतका चांगला सल्ला मी ऐकला नव्हता, आणि तो द्यावा कुणी, तर याने! ताईही भारावून ऐकत होती. मला तिची कीव आली.

पुढच्या मॅचला तिने पलीकडे दोरी बांधली आणि सगळ्या पालकांना दोरीमागे जायला सांगितलं. त्यांना हाकलण्याचं काम भोंग्यानेच अंगावर घेतलं. "चला, चला, मॅडमनी सांगितलंय ना, मागे व्हा," असं करत त्याने एकेकाला पलीकडे पोचवलं. आणि स्वतः हात झटकत इकडे आला, थेट गोलच्या जाळीमागे जाऊन उभा राहिला. नियम पालकांसाठी होता. तो कुठे पालक होता? तो अनुभवी होता.

तिथून सुरू झालं. "डावीकडे सरक. आता पुढे ये. अगं ये पुढे. मागे हो. हात वर." मुलगी बिचारी सरकायची, यायची, जायची. मी समोरून बघत होतो म्हणून मला कळलं, इतरांना कळायला वेळ लागला. चेंडू येताना ती चेंडूकडे बघतच नसे, ती ऐकत असे. बापाचा आवाज आला की मगच तिचे पाय हलायचे, आणि तोवर चेंडू जाळीत. गोल झाला की भोंगा कपाळावर हात मारून म्हणायचा, "सांगून सांगून थकलो."

आम्ही ती मॅच हरलो, पुढचीही हरलो. ताईला आता कळलं होतं. मला ते तिच्या बसण्यावरून समजायचं. आवाज सुरू झाला की ती माझी कड घट्ट धरायची. पण बोलायची नाही. तुमच्यासारख्या मुलांना चार गोष्टी सुनावणं सोपं असतं, मित्रांनो. पोट सुटलेल्या माणसाला सुनावताना भल्याभल्यांची जीभ टाळूला चिकटते. मी मनात म्हटलं, ही पण त्यातलीच.

एका गुरुवारी प्रॅक्टिस संपल्यावर गोली माझ्यावर येऊन बसली. हातमोजे काढता काढता ताईला म्हणाली, "शनिवारची मॅच झाली की मी थांबते."

"थांबते म्हणजे?"

"म्हणजे येत नाही. नकोच मला."

ताई तिच्या शेजारी बसली. "हात दुखतात का?"

"हात नाही दुखत. कान दुखतात." मुलगी माझ्या उडालेल्या रंगाचा पोपडा नखाने काढत होती. "बाबांना सांगू नका. त्यांना वाटेल, त्यांच्यामुळे."

"मग कुणामुळे?"

पोपडा निघाला, तो तिने खाली टाकला आणि दुसरा काढायला घेतला. तिचा मोठा भाऊही याच जागेवर बसून असाच पोपडे काढायचा. मधला माझ्या फळीवर डोकं टेकून रडला होता, गुडघ्याला काही झालेलं नसताना. घरी त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. मला काय सांगितलं ते माहीत आहे, पण बाकाला विचारतो कोण?

शनिवारी ताई आली ती हिरव्या रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन. राखीव पोरांना तिने आधीच गवतावर सतरंजी टाकून दिली होती, माझ्या कुसळांचं निमित्त करून. भोंगा जाळीकडे निघाला होता, त्याला तिने हाक मारली.

"काका, एक काम होतं. हा बाक रंगवायचाय."

"रंगवू की. पुढच्या आठवड्यात माणूस लावून देतो."

"आत्ता रंगवायचाय. तुम्हीच."

"आत्ता? मॅच सुरू होतेय मॅडम."

"म्हणूनच. तुम्हीच म्हणाला होतात, ज्याचं तोंड जास्त चालतं त्याच्या हाताला काम द्या."

भोंगा हसला. मान डोलावली, आणि ते तोंड कुणाचं म्हणून चक्क आजूबाजूला बघितलं. मी पुष्कळ मूर्ख पाहिले, पण इतक्या मनापासूनचा मूर्ख पाहिला नव्हता. मग हळूहळू त्याचं हसू उतरलं.

"मी? अहो, बाकीच्यांचं ठीक आहे. मला अनुभव आहे."

"म्हणूनच तुम्हाला विचारते." ताईचा आवाज जरा कापत होता, पण ती थांबली नाही. "मोठ्याने का सोडलं?"

"अभ्यास वाढला."

"आणि मधल्याने?"

"गुडघा."

"आणि ही सोडेल तेव्हा काय सांगाल?"

मुलीचा शब्द ताईने मोडला नव्हता, नुसता वाकवला होता. भोंग्याने जाळीकडे पाहिलं. मुलगी हातमोजे चढवत होती आणि सवयीने मागे वळून बाप आला का ते बघत होती. मान वळवताना तिने खांदे असे आवळले होते, जसे दार आपटणार हे कळल्यावर माणूस आवळतो. भोंग्याला ते आज दिसलं. त्याने ब्रश घेतला.

"पुढून रंगवा," ताई म्हणाली. "मैदानाकडे पाठ करून."

मित्रांनो, बाकाच्या नशिबी माणसाची पाठच असते, आणि तीही खालची. माणसाचा चेहरा इतक्या जवळून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तो माझ्यासमोर उकिडवा बसला होता. त्याच्या खांद्यावरून मला सगळं मैदान दिसत होतं आणि त्याला फक्त मी. तो रंगही भिकार देत होता. ओघळ येत होते, ब्रशचे केस फळीला चिकटत होते. इतकी वर्षं वाट बघून शेवटी माझ्या वाट्याला हा कारागीर आला.

मॅच सुरू झाली. समोरचा संघ चाल करून आला, चेंडू गोलकडे निघाला आणि मुलगी उभीच राहिली. ती आवाजाची वाट बघत होती. आवाज आला नाही. चेंडू आत गेला.

पलीकडून समोरच्यांचा जल्लोष ऐकू आला. भोंग्याचा ब्रश थांबला. त्याचे कान लाल झाले, ओठ हलले, मानेची शीर ताठ झाली. मी म्हटलं, आता वळतो हा. असल्या माणसाचा शब्द मॅच सुरू होईपर्यंतच टिकतो. पण तो वळला नाही. त्याने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

पुन्हा चाल आली. मुलीने जाळीमागे पाहिलं. तिथे गवत होतं, दुसरं काही नव्हतं. तिने पुन्हा एकदा पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं. मग तिने चेंडूकडे पाहिलं, आणि या मैदानावर पहिल्यांदाच ती चेंडू मारला जायच्या आधी निघाली. पुढे येऊन, अंग टाकून, तिने तो छातीशी कवटाळला.

मोठा कल्ला झाला. आता कल्ला कुणाचा, आमचा की त्यांचा, हे पाठमोऱ्या माणसाला कसं कळणार? त्याच्या कपाळावर घाम आला होता. तो माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाला, "गेला का?"

मी काय सांगणार! सतरंजीवरचं एक पोर म्हणालं, "नाही काका, धरला."

त्याने मान खाली घातली आणि रंगवलेलीच फळी पुन्हा रंगवायला घेतली. मॅच संपेपर्यंत तो तीच फळी रंगवत होता. त्या फळीवर आजही रंगाचा इतका जाड थर आहे की नख रुतत नाही.

आम्ही त्या पहिल्या गोलने हरलो. मुलगी चिखलाने माखून आली आणि बापासमोर उभी राहिली. भोंग्याच्या तोंडात काय काय आलं असेल, हे मला त्याच्या गालांवरून दिसत होतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि काहीतरी करायचं म्हणून मट्‌कन खाली बसला. माझ्यावर. ओल्या रंगावर.

"बाबा, तुम्ही बघितलं?" मुलीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मला काहीच दिसलं नाही."

इतक्या वर्षांत 'मला दिसलं नाही' असं हा माणूस पहिल्यांदाच म्हणत होता. मुलगी त्याच्यासमोर गवतावर मांडी ठोकून बसली. "मग मी सांगते," ती म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं, हातवारे करून, मध्येच उठून, उडी कशी घेतली ते दाखवून. तो ऐकत राहिला. पँट खराब होतेय हे त्याला कळत होतं, पण तो उठला नाही. ताई लांब उभी राहून दोरी गुंडाळत होती.

मंगळवारच्या प्रॅक्टिसला मुलगी आली आणि तिने नेहमीसारखे हातमोजे माझ्यावर आपटले.

भोंगा सुधारला असं मी म्हणणार नाही. दोरीपलीकडून तो अजून इतर पालकांना सल्ले देतो आणि मला तो अजूनही आवडत नाही. पण त्या शनिवारी तो उठला तेव्हा माझा रंग त्याच्या पँटबरोबर गेला, आणि माझ्या बैठकीवर दोन उघडे डाग राहिले.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मला अधूनमधून रंग देत जा. कुसळं घासून काढा. तो उजव्या टोकाचा खिळा कुणीतरी एकदाचा ठोका. पण ते दोन डाग मात्र रंगवू नका. त्या जागेवर एक बाप आपल्या मुलीचं शेवटपर्यंत ऐकत बसला होता, आणि माझ्यावर बसून गेलेल्या माणसांपैकी मला त्याच बसण्याची तेवढी किंमत आहे.