कालवाचा चौकोन

नाझनीन मॅडमचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. ऊसतोडीचा ट्रॅक्टर आज निघणार होता. चौथीतली तनुजा त्यात चढणार की शाळेत राहणार, ते आता इथं, वर्गात ठरायचं होतं.

तनुजाचा बाप भागवत दर दिवाळीनंतर बायकोला घेऊन तोडीला जायचा. मुखेडकडच्या या गावात पोरगी जरा हाताशी आली की तिला बरोबर न्यायचं, हा जसा काही कायदाच! आईबाप उसाच्या फडात, पोरगी खोपीवर अन् धाकटं तिच्या कडेवर. पोरगी हुशार आहे, इथं गावात तिच्या केवळा आजीपाशी ठेवा, असं सांगून सांगून नाझनीनच्या तोंडाला फेस आला. शेवटी भागवत वैतागला. "एवढी हुशार हाय, तर माझ्या डोळ्यांदेखत दावा. न्हाई पटलं तर नेणार."

आता तो दारात उभा होता. बाहेर मुकादम हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मेल्याला दम म्हणून नाही!

उतारा होता समुद्रातले प्राणी कुठं राहतात त्याचा. समुद्र इथं कुणाच्या बापानं पाहिला होता? पण नाझनीनची शिकवायची रीतच न्यारी. माहिती वाचायची, तिच्यातले मुद्दे काढायचे, एकेका मुद्द्याला फरशीवर खडूनं चौकोन आखायचा. मग प्राण्यांच्या पाट्या गळ्यात घालून पोरांनीच आपापल्या चौकोनात उभं राहायचं.

धाकट्या शिवांशला कडेवर घेऊनच तनुजानं उतारा वाचला. मग वाकून चौकोन आखले अन् लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाली, "घर पाठीवर घेऊन फिरणारे. दुसऱ्याच्या आसऱ्यानं राहणारे. एकाच जागी राहणारे."

शंखातला खेकडा पहिल्या चौकोनात गेला, समुद्रफुलात लपणारा मासा दुसऱ्यात. मग कालवाची पाटी घातलेला ज्ञानोबा पुढं आला, अन् तनुजा थबकली.

"पाठीवर! त्याला बी शिंपला हाय!" पोरं ओरडली.

हॉर्न पुन्हा वाजला. भागवतनं मागं वळून पाहिलं. नाझनीन मनात म्हणाली, या अल्लाह, आत्ताच चुकू नकोस गं बाई!

"शिंपला हाय," तनुजा सावकाश म्हणाली, "पण हे खडकाला चिकटलेलं असतंय. हालत न्हाई." तिनं ज्ञानोबाला तिसऱ्या चौकोनात ढकललं.

नाझनीनला टाळ्या वाजवाव्या वाटल्या. पण भागवतच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"अन् आपण?" त्यानं विचारलं. "मी अन् तुझी माय कुठं?"

तनुजानं पहिल्या चौकोनाकडं बोट केलं.

"अन् तू?"

नाझनीन मनातल्या मनात ओरडत होती, तिसरा, पोरी, तिसरा! तनुजानं बापाकडं पाहिलं, कडेवरच्या भावाकडं पाहिलं, आणि गुपचूप जाऊन खेकड्याशेजारी उभी राहिली.

"शिव्याला कोण बघंल?" ती म्हणाली.

संपलं सगळं. नाझनीनचे डोळे भरून आले. रागही आला, पण कुणावर काढायचा?

भागवतनं दारातच चप्पल काढली. तो आत आला, त्यानं तिच्या कडेवरून शिवांशला घेतलं तसं पोरानं भोकाड पसरलं. त्याला खांद्यावर टाकून भागवतनं दुसऱ्या हातानं तनुजाचा दंड धरला. पोरगी मागं ओढत होती, पण त्यानं तिला फरशीवरून चालवत नेलं अन् ज्ञानोबाच्या बाजूला, कालवाच्या चौकोनात उभं केलं. त्याला लिहिलेलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

"हिला इथून हालू देऊ नका, मॅडम," तो म्हणाला, अन् रडत्या पोराला घेऊन बाहेर पडला.

ट्रॅक्टरचा आवाज वेशीपल्याड जाईपर्यंत तनुजा त्या चौकोनातच उभी होती.