डावा कुणाचा

बाईंचा सकाळचा नेम साधा होता. अंघोळ झाली की दिवा लावायचा, समोर बसायचं आणि काही मागायचं नाही. मिळालंय त्याची आठवण करायची नि उठायचं. शाळेत शिकवायला लागल्यापासूनचा नेम, निवृत्तीनंतरही चालू राहिलेला. या वर्षी मात्र दिव्यासमोर बसलं की एकच वाक्य ओठांशी येऊन थांबायचं : धाकटी चालती होईपर्यंत ह्यांचे डोळे राहू देत. बाई ते वाक्य गिळायच्या, हात जोडायच्या आणि चहाचे कप घेऊन घरामागच्या शेडकडे जायच्या.

धाकटी म्हणजे गाडी. इंग्लंडात बनलेली, उघड्या टपाची, लांब नाकाची, दोनच माणसांची. आधीच्या मालकानं हौसेनं ती पार सुटी केली होती आणि मग त्याचं मन उडालं होतं. घरात आली ती खोक्यांतून. लेक तेव्हा नुकती चालायला लागली होती, म्हणून गाडीचं नाव पडलं धाकटी. बाईंचे यजमान डॉक्टर; त्यांचा दातांचा दवाखाना जोरात चालायचा. धाकटी शेडमध्ये तशीच पडून राहिली. दवाखाना बंद केल्यावर त्यांनी खोकी उघडली.

"इतकी वर्षं दात काढले," ते म्हणायचे, "काढलेलं परत बसवायची वेळ कधी आली नाही. इथे सगळंच परत बसवायचंय." रोज बॉनेट उचलताना ते गाडीला हळूच सांगायचे, "हं, आ करा."

इंजिन बसलं, मागची चाकं बसली, रंग झाला. आणि मग डॉक्टरांच्या नजरेचा मधला भाग पुसट व्हायला लागला. डोळ्यांच्या तज्ज्ञांनी तपासून स्पष्ट सांगितलं, की हे थांबवता येईल असं आता काही नाही, आधी मधलं जाईल, मग कडेकडेचंही. रोजची गाडी चालवणं डॉक्टरांनी त्याच दिवशी आपणहून सोडलं. किल्ली बाईंच्या हातात दिली.

"तुझे कान दिसतात," ते एकदा म्हणाले. "केस दिसतात. तोंड मात्र नाही."

"बरंच झालं की," बाई म्हणाल्या. "आता मी तोंड वाकडं केलं तरी तुम्हाला कळायचं नाही."

"मला आवाजावरून कळतं."

त्यांची इच्छा एकच होती. धाकटी स्वतःच्या हातानं एकदा चालवायची. रस्त्यावर नाही, तेवढा पोच त्यांना होता. घरामागे एक बंद गोदाम होतं, त्याचं मोठं सिमेंटचं अंगण, चारी बाजूंनी भिंत. गोदामाचा मालक डॉक्टरांचा जुना पेशंट. तो म्हणाला होता, फाटक लावून घ्या आणि खुशाल फिरवा. समोरची भिंत दिसतेय तोवर, एवढंच डॉक्टरांना साधायचं होतं. त्यामुळे बाई आता त्यांचे डोळे झाल्या होत्या. बोटं त्यांची, नजर बाईंची.

पुढची चाकं बसवायचा दिवस आला. तारांची चाकं. मध्ये एकच मोठा पंखांचा नट, तो तांब्याच्या हातोड्यानं ठोकून आवळायचा. चाक ज्यावर बसतं त्या हबला एका बाजूला सुलटे आटे, दुसऱ्या बाजूला उलटे; कारण गाडी पुढे जाताना नट आवळत जायला हवा, सुटायला नको. नजर चांगली होती तेव्हाच डॉक्टरांनी गाडीच्या डाव्या हबला लाल चिंधी बांधून ठेवली होती, उजव्याला पांढरी, आणि ज्याचा नट त्याच्यावरच फिरवून ठेवला होता.

आता डॉक्टरांचा डावा म्हणजे कोणता, हा या घरातला जुना विषय. दवाखान्यात डावा म्हणजे पेशंटचा डावा. समोर बसलेल्या माणसाचा, म्हणजे डॉक्टरांच्या उजव्या हाताचा. ती सवय घरीही यायची. कपाटासमोर उभे राहून ते डावा कप्पा म्हणायचे तेव्हा कपाटाचा डावा. बाईंचा डावा म्हणजे सरळ स्वतःचा डावा हात. यावरून लग्नानंतर पहिल्या वर्षी अबोलासुद्धा झाला होता.

डॉक्टर गाडीच्या नाकाशी स्टुलावर बसले होते, गाडीच्या उजव्या चाकाच्या जागी. बाई गाडीच्या समोर, तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हब ठेवलेल्या टेबलापाशी उभ्या.

"डावीकडचा दे," ते म्हणाले.

बाईंनी लाल चिंधी सोडली आणि हब त्यांच्या ओंजळीत ठेवला. डॉक्टरांनी ग्रीस लावलं, बसवला, चाक चढवलं. बाईंनी हातोडा मारला. मग दुसरी बाजू झाली. नट आपापल्या हबवर मुकाट बसले. कुठे काही अडलं नाही.

लेक रविवारी आली. तिघांनी मिळून धाकटीला ढकलत गोदामाच्या अंगणात नेलं.

"धाकटीचे लाड बघा," लेक धापा टाकत म्हणाली. "मला कधी एवढं ढकललं नाहीत."

"तुला ढकलायची वेळ कुठे येऊ दिलीस," बाई म्हणाल्या. "दहावीनंतर स्वतःच पळालीस."

इंजिन तिसऱ्या खेपेला सुरू झालं. डॉक्टरांनी डोकं थोडं तिरपं केलं, नजरेच्या कडेनं भिंत पकडली आणि क्लच सोडला. धाकटी निघाली. बाई शेजारी, पदर आवळून धरलेला. अंगणाची एक बाजू सरली. डॉक्टर हसत नव्हते. पूर्वी अवघड दाढ काढताना असायचा तसा त्यांचा चेहरा झाला होता, सगळा जीव बोटांत.

मग बाईंच्या बाजूनं आवाज आला. टक्. थोडं थांबून टक् टक्.

"अहो, थांबा."

"का? भिंत लांब आहे."

"थांबा म्हणते ना."

गाडी थांबली. बाई उतरल्या. त्यांच्या बाजूच्या पुढच्या चाकाचा नट एवढा सैल झाला होता की बोटानं फिरला. लेकीनं पलीकडे जाऊन पाहिलं. तोही सैल. तिनं नट थोडा मागेपुढे फिरवला आणि ती म्हणाली, "बाबा, हे हब उलटे लागलेत. इकडचा तिकडे."

डॉक्टर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"लाल दिलास?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही डावीकडचा म्हणालात. तुमचा डावा लाल."

"मी तुझा डावा म्हणालो. तू गाडीकडे तोंड करून उभी होतीस, म्हणजे गाडीचा उजवा, पांढरा. म्हटलं, हिला उगाच उलटं सांगायला नको."

बाई म्हणाल्या, "आणि मी म्हटलं, ह्यांना उगाच समजावून सांगायला लागू नये."

लेकीला हसू आलं, आणि दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून तिनं ते आवरलं. "एवढी वर्षं या डाव्यावरून भांडलात," ती म्हणाली, "त्या दिवशी भांडला असतात तर बरं झालं असतं."

"मी एरवी हिच्या भाषेत बोलतो का?" डॉक्टर म्हणाले. "नेमका त्या दिवशी बोललो."

"मी तरी एरवी तुमचं ऐकते कुठे?" बाई म्हणाल्या.

धाकटीला परत ढकलत शेडमध्ये नेलं.

हब काढताना आतलं तेलाचं सील फाटलं. तसलं सील इथे मिळेना. मागवलं ते चुकीच्या मापाचं आलं, परत पाठवलं. डॉक्टर रोज शेडमध्ये जाऊन बसायचे, मोकळ्या आसावर बोट फिरवायचे आणि परत यायचे. बाई त्यांच्याकडे बघायच्या आणि बघू नये असंही त्यांना वाटायचं. एका सकाळी डॉक्टरांनी चहा कपाच्या शेजारी ओतला. टेबलावरून तो जमिनीवर ठिबकायला लागला तेव्हा त्यांना कळलं. ते फडकं शोधायला लागले. फडकं त्यांच्या हाताशीच होतं.

दुसऱ्या दिवशी दिव्यासमोर बाईंनी मागितलं. नेम मोडला. मागून झाल्यावर हलकं वाटलं नाही. ज्यानं इतकी वर्षं न मागता दिलं त्याच्यापुढे आपण आज हात पसरला, आणि तोही उशिरा, असं त्यांना वाटत राहिलं.

सील आलं. या खेपेस डॉक्टर म्हणाले, "खिडकीकडचा दे." आणि मग, "भिंतीकडचा." दर वेळी बाईंनी त्यांचं बोट धरून आधी दाखवलं, मग हब दिला. नट ठोकून झाल्यावर बाईंनीच चाक मागेपुढे फिरवून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. फक्त डॉक्टरांना आता बाईंचे कानही नीट दिसत नव्हते.

लेकीला त्यांनी मुद्दाम बोलावलं नाही. गोदामाचं फाटक लावून घेतलं. डॉक्टर चालकाच्या जागी बसले, बाई शेजारी. इंजिन पहिल्याच खेपेला सुरू झालं.

डॉक्टरांनी डोकं एकीकडे तिरपं केलं, दुसरीकडे केलं. पुन्हा केलं.

"भिंत कुठाय?"

"समोर. लांब आहे."

"मला उजेड दिसतोय. भिंत नाही."

इंजिन चालू होतं. बाईंच्या मनात आलं, म्हणावं, राहू द्या, उतरा. शब्द तोंडाशी आलेही. डॉक्टरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, त्यांची बोटं सगळं चाचपत होती.

"मी सांगते," बाई म्हणाल्या. "सावकाश चला."

"डावा-उजवा?"

त्यांनी क्षणभर विचार केला. शेडमध्ये दोघं नेहमी समोरासमोर असत, मध्ये गाडी. आत्ता दोघांची तोंडं एकाच भिंतीकडे होती.

"आता भांडायला जागाच नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा तोच माझा."

गाडी निघाली. अगदी संथ, पहिल्या गिअरमध्ये. भिंत जवळ आली तशा बाई म्हणाल्या, "डावीकडे." धाकटी वळली. कुठे टक् झालं नाही. "आता सरळ. सरळच. डावीकडे." कोपरा सुटला. डॉक्टरांनी गिअर बदलला, न विचारता, आणि बाईंनी काही म्हटलं नाही. गोदामाच्या पत्र्यावरून इंजिनाचा आवाज परत येत होता. ते त्याकडे कान लावून होते. जिथे आवाज दाटला तिथे बाई बोलायच्या आधीच त्यांचे हात वळायला लागले.

एक फेरी झाली, दुसरी झाली. अंगणाच्या मध्यावर डॉक्टरांनी गाडी थांबवली. बाईंनी थांबा म्हटलं नव्हतं. त्यांनी हँडब्रेक ओढला, इंजिन मात्र बंद केलं नाही.

"बास," ते म्हणाले. "झालं माझं."

"अजून एक घ्या. मी आहे ना."

"नको. आता एकेक फेरी मागत बसलो तर कधीच उतरणार नाही." त्यांनी दार उघडलं. "तू ये इकडे."

"मला ही येत नाही चालवता. हिचा क्लच केवढा कडक आहे."

"मी सांगतो ना. डाव्या पायानं दाबायचा. तुझ्या."

ते उतरले आणि बॉनेटवर हात टेकत पुढून फिरून आले. बाई तोवर उतरून उभ्या होत्या. त्यांनी डॉक्टरांना हाताला धरून बसवलं, दार लावलं, आणि पलीकडे जाऊन बसल्या. स्टिअरिंगला अजून डॉक्टरांच्या हातांची ऊब होती. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

"हं," ते म्हणाले, "भिंत केवढी लांब आहे ते आता मला सांगू नकोस. नुसती चालव."

बाईंनी क्लच दाबला.