थंड खोलीत मुरलेली फळी

मित्रांनो, मी ओकची एक जुनी फळी आहे. स्लावोनिया प्रांतातल्या एका गावात, आदामच्या घराच्या पुढच्या खोलीत, शेगडीपासून दुसऱ्या रांगेत माझी जागा आहे. माझ्यावरून आता कोणी चालत नाही. त्यामुळे माझ्याकडे वेळ भरपूर आहे आणि तक्रारीही भरपूर आहेत. त्यातली एकच सांगते, पण ती पूर्ण ऐका.

सावा नदीकाठच्या रानात मी वाढले. आमच्या झाडाखाली डुकरं फळं खायला यायची, तेवढाच आमच्याकडे राबता. मग करवत आली. मला चिरलं, छपराखाली थप्पीत ठेवलं, भट्टीत वाळवलं, एका कडेला खाच पाडली आणि दुसरीला शेजारच्या फळीच्या खाचेत बसणारी जीभ काढली. लोकांना वाटतं, कापलं की लाकूड मेलं. तसं नसतं. हवा दमट झाली की आम्ही फुगतो, कोरडी झाली की आक्रसतो. म्हणून नव्या घरी आणल्याबरोबर आम्हाला ठोकून टाकू नये. ज्या खोलीत बसवायचं, त्याच खोलीत काही आठवडे पडून राहू द्यावं. आणि ती खोली माणसं राहताना जशी असणार, तशीच उबदार ठेवावी. ही शेवटची अट लोक हमखास विसरतात.

आदामचा मुलगा ब्लाझ बायको-मुलीसह आयर्लंडमध्ये राहत होता, एका गोदामात कामाला होता. एका उन्हाळ्यात त्याने फोन केला, "बाबा, हिवाळ्यात तेनाला आणि छोट्या क्लाराला घेऊन येतो. राहून बघतो. जमलं तर परत जायचं नाही." आदामचे पाय जमिनीवर ठरेनात. पोरं परदेशी गेल्याने त्या गल्लीतली निम्मी घरं तेव्हाच बंद पडली होती. त्याने ठरवलं की मुलाच्या संसारासाठी पुढच्या खोलीत ओकची जमीन घालायची, आणि आम्हाला आणलं.

तिकडच्या घरांत पुढच्या खोलीत एरवी कोणी राहत नाही. छताला टेकेल इतक्या उशा रचलेला पलंग, भिंतीवर संताची तसबीर, आणि दार उघडायचं ते पाद्रीसाठी, पाहुण्यांसाठी, नाहीतर घरातल्या मृतासाठी. बाकी सगळं आयुष्य मागच्या स्वयंपाकघरात.

आम्हाला बसवणार होता बार्तोल सुतार. तो आदामचा कूम होता, म्हणजे ब्लाझच्या बाप्तिस्म्याला त्याला हातात घेऊन उभा राहिलेला. हे नातं तिथे सख्ख्या भावापेक्षा मोठं मानतात. त्याने मधे पट्ट्या घालून आमची चळत रचली, भिंतीला हात लावून पाहिला आणि म्हणाला,

"कूम, आजपासून शेगडी पेटव. लाकडाला कळू दे कुठे राहायचंय ते."

"लाकडासाठी लाकूड जाळू? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"पोर रांगणार आहे इथे. खोली तापलेलीच राहणार."

"आले की पेटवू. आत्ता धुरांड्यातून धूर निघाला तर शेजारीण राकियाची दारू प्यायला हजर, पाहुणा कोण आलाय म्हणून. काय सांगू तिला? फळ्या आल्यात?"

"आणि माझ्या उशांना धुराचा वास लागेल तो वेगळाच," आदामची बायको मार्गा दारातूनच म्हणाली.

दुसरं कुणाचं घर असतं तर बार्तोल हत्यारं उचलून निघून गेला असता. पण कूमला नाही म्हणायचं नसतं. शरदातलं धुकं नदीवरून वर आलं, खिडकीच्या काचा आतून घामेजल्या, आम्ही ती ओल पोटभर प्यालो. आणि तशा फुगलेल्या आम्हाला त्याने गुडघ्यांवर बसून एकीला एक भिडवत ठोकून टाकलं. मधून नखही शिरत नव्हतं. सगळी गल्ली बूट काढून बघायला आली. कौतुक मलाही गोड लागलं, उगाच खोटं कशाला बोलू?

नाताळाच्या आधी ब्लाझ आला. मग शेगडी पेटली ती अखंड. खोली सुकत गेली आणि आमचं अंग आखडू लागलं. सणाच्या दिवशी सगळे कोबीच्या पानात गुंडाळलेलं मांस खात बसले असताना आमच्यातली एक जोरात कडाडली, तेव्हा मार्गाच्या हातून पळी पडली. फटी रुंदावत गेल्या. त्यांतून खालचा गारठा वर येई आणि रांगणारी क्लारा शिंकत राही. एक दिवस तिने माझ्या आणि शेजारच्या फळीच्या मधल्या फटीत बोट घातलं, आणि नेमका त्याच वेळी तेनाचा पाय आमच्यावर पडला. फट दाबली गेली. त्या एवढ्याशा नखाखाली रक्त साकळलं. ते रडणं माझ्या अंगात अजून मुरलेलं आहे.

आदामने बार्तोलला बोलावून घेतलं.

"कूम, माझी जमीन नासवलीस तू."

"शेगडी पेटव म्हटलं होतं मी."

"सुतार ना तू? मग अडून का नाही बसलास?"

"कूम ना मी," बार्तोल खाली बघत म्हणाला.

"बाबा, जाऊ द्या ना. फटी भरता येतात," ब्लाझ म्हणाला.

तेना पोरीच्या बोटाला पट्टी बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"एक विचारू, बाबा? आम्ही येणार हे उन्हाळ्यातच कळवलं होतं. तरी इथे एकदाही विस्तव पेटला नाही?"

"आले की पेटवू म्हटलं होतं..."

"म्हणजे आम्ही येऊ असं तुम्हाला वाटलंच नव्हतं."

आदाम शेगडीकडे वळला आणि एक ओंडका आत सारू लागला. तिचं बोलणं खरं होतं. गल्लीतले कितीतरी मुलगे येतो म्हणून आले नव्हते. उद्या ब्लाझ आला नसता, तर नवी जमीन घराला हवीच होती असं सांगून भागलं असतं. रिकाम्या खोलीतल्या धुरावर मात्र लोक हसले असते. त्या हसण्याला तो भ्याला होता.

ब्लाझला जवळच्या लाकूड कारखान्यात काम मिळत होतं. पण तेनाचं मन त्या घरात पुन्हा लागलं नाही. ईस्टरपूर्वीचे उपवासाचे दिवस सुरू होण्याआधी ते तिघं परत गेले. "उन्हाळ्यात येऊ," ब्लाझ म्हणाला. उन्हाळ्यात कोणी आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात आदामने कुणी न सांगता शेगडी पेटवली. शेजारणीने विचारलं, पाहुणा कोण? तो म्हणाला, मुलगा येतोय. लाकडाचा ढीग संपला तरी मुलगा आला नाही. त्यानंतर ती शेगडी कधी पेटली नाही.

धुकं पुन्हा आत आलं, आम्ही पुन्हा फुगलो, एकेक फट मिटली. बार्तोल बऱ्याच दिवसांनी आला. त्याने वाकून आमच्यावरून तळवा फिरवला.

"कूम, बघ तरी. नखसुद्धा शिरत नाही."

"रिकाम्या खोलीला नेमकी बसलीये," आदाम म्हणाला आणि त्याने दार ओढून घेतलं.

मित्रांनो, लाकूड घरी आणाल तर आधी खोली उबदार करा. माणूस यायचा असेल तर तो दारात येण्याआधीच करा. नाहीच आला तर लोक हसतील. हसू द्या. आदामच्या घरात आता हसायलासुद्धा कोणी येत नाही.