घरच्यांची पंगत

सहादेव सरांना छगनदादाच्या घरच्या लग्नातून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे आमटीची बादली. मानाची खुर्ची नको, फेटा नको, माइकवर नाव तर अजिबातच नको. मांडवाच्या दिवशी पंगत बसली की कुणीतरी त्यांच्या हातात बादली आणि ओगराळं कोंबावं आणि "आरं, तिकडच्या वळीला आमटी न्हाई गेली, पळ!" असं खेकसावं, एवढंच. सहासष्ट वर्षांच्या, पीएच.डी. झालेल्या, रोज सकाळी शुगरची गोळी घेणाऱ्या माणसाची ही इच्छा कुणाला सांगण्यासारखी नव्हती. म्हणून त्यांनी ती सांगितली नाही. आणि सांगायला होतं तरी कोण म्हणा.

नगरच्या एका कॉलेजात त्यांनी तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. सावेडीत फ्लॅट घेतला, मुलगी शिकवली, ती बंगळूरला गेली. मग दोन वर्षांपूर्वी पत्नी अश्विनीबाई गेल्या आणि तो फ्लॅट त्यांना खायला उठला. समोरच्या दारावरची पाटी वाचून त्यांना शेजाऱ्याचं नाव कळलं होतं, इतकी तिथली ओळख. तेव्हा त्यांनी ठरवलं की गावी जायचं. बेलापूरच्या शिवारात वाटणीला आलेला तुकडा होता, त्यावर दोन खोल्या बांधल्या. बांधाच्या पलीकडे चुलतभाऊ छगनदादाची वस्ती. भावकी आहे, आपली माणसं आहेत, असं मनाशी घोकत सर आठ महिन्यांपूर्वी राहायला आले.

आपल्या माणसांनी त्यांना मान दिला. इतका दिला की जीव गुदमरून गेला. चहाच्या टपरीवर सर दिसले की गप्पा थांबायच्या, कुणीतरी उठून खुर्ची पुसून द्यायचं आणि मग सगळे पावसापाण्याचं बोलायचे. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन सरांच्या हस्ते. तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असला की लिहायला सर. पण आठ महिन्यांत त्यांच्या दारात कुणी विरजण मागायला आलं नाही. कुणाची पोरं चेंडू शोधत मागच्या दारानं घुसली नाहीत. जो येई तो अंगणात उभा राहून "सर, हाय का घरात?" असं विचारी, जणू काही ते कुठे गेले असण्याची शक्यता होती.

लहानपणी छगनदादा त्यांना 'सद्या' म्हणायचा. एका विहिरीत दोघे पोहायला शिकले होते आणि एकाच फोकानं दोघांनी मार खाल्ला होता. आता तोही 'तुमी' म्हणे. त्याचा मुलगा अंगद, ज्यानं त्यांना चुलते म्हणून तात्या नाहीतर नाना म्हणायला हवं, तोही सर म्हणे.

दुसऱ्या एखाद्याला हे नुसतं जाणवलं असतं आणि त्यानं रात्री टीव्हीचा आवाज थोडा वाढवला असता. सरांना ते कळत होतं, आणि कळण्याचा त्रास वेगळाच असतो. कारण त्यांचा प्रबंधच मुळी याच गावावर होता. गावच्या लग्नकार्यांतल्या पंगतींवर. कोण कुणाशेजारी बसतं, कोण कुणाला वाढतं, कोण आधी जेवतं, कोण मागे राहतं, याची त्यांनी दोन वर्षं वही भरून नोंद केली होती. गावानं ज्यांना जातीपायी मुद्दाम शेवटी आणि दूर बसवलं त्यांच्यावर त्यात एक अख्खं प्रकरण होतं, आणि ती कडू गोष्ट सरांनी गोड करून लिहिली नव्हती. पण परीक्षेत विद्यार्थी हमखास लिहीत ते वाक्य दुसरंच होतं. घरचा माणूस ओळखायचा असेल तर तो पंगतीत कुठे बसतो हे पाहू नये, कधी बसतो ते पाहावं. सोयरे आधी, गाव नंतर, आणि सगळ्यांना वाढून झालं की उरल्यासुरल्यावर बसतात ते घरचे.

अंगदच्या मुलीचं, सृष्टीचं, लग्न ठरलं तेव्हा हे वाक्य सरांच्या डोक्यात पुन्हा घोळायला लागलं. लग्न श्रीरामपूरच्या एका लॉन्सवर होतं. तिथे केटरर, तिथे वाढायला भाड्याची पोरं, तिथे आपला काही उपयोग नाही. पण आदल्या दिवशी मांडव घरी होता. आचारी असला तरी मांडवाच्या जेवणाला अजून भावकीच वाढते. सरांनी मनाशी पक्कं केलं, मांडवाच्या दिवशी.

आमंत्रण द्यायला छगनदादा आणि बनुबाई जोडीनं आले. पत्रिकेला हळदकुंकू लावलेलं, पाकिटावर अंगदच्या अक्षरात 'प्रा. डॉ. सहादेव सर, सहकुटुंब सहपरिवार'. घरच्याला कुणी पत्रिका देतं का? घरच्याला तर शिव्या घालून बोलावतात, अजून आला कसा नाही म्हणून. आणि सहकुटुंब म्हणजे कोण, तर ते आणि भिंतीवरचा फोटो.

"दादा, मला काहीतरी काम सांगा," सर म्हणाले.

"तुमी फकस्त या," छगनदादा म्हणाला. "तुमी आले की आमाला समदं पावलं. व्हय का न्हाई गं?"

"व्हय की," बनुबाई म्हणाली. "उगं धावपळ करू नका. टायमाला या."

सर टायमाला गेले नाहीत. सकाळी आठलाच गेले, आणि मुद्दाम जुना पायजमा आणि बगलेत विरलेला सदरा घालून गेले, म्हणजे काम सांगणाऱ्याला संकोच नको. बनुबाईनं त्यांना पाहिलं मात्र, ती हातातलं सूप ठेवून पुढे आली.

"सर, बरं न्हाई का? तोंड का असं?"

"नाही, ठीक आहे. मदतीला आलो."

"बसा, बसा. ए, सरांना च्या आना!"

मांडवाखाली बायका वांगी चिरत बसल्या होत्या. सरांनी एक विळी ओढली, तर दोघीजणी पदर सावरत उठूनच उभ्या राहिल्या. ते ट्रॅक्टरकडे गेले. तिथे मांडवाचे डहाळे उतरवत होते. त्यांनी एका फांदीला हात घातला तर अंगदनं दुसऱ्या टोकाकडून ती त्यांच्या हातातून अलगद काढून घेतली आणि आंब्याच्या चिकानं कापडं खराब होतील म्हणाला. विरलेल्या सदऱ्याची त्याला काळजी वाटली. तासाभरात सरांचा तिसरा चहा झाला. ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कुलरच्या समोर, एकटे बसून होते आणि येणारा-जाणारा त्यांना हात जोडत होता. इतका एकटेपणा त्यांना रिकाम्या घरातही कधी वाटला नव्हता.

दुपारी एकला पहिली पंगत बसली. बादल्या खळखळल्या, "बसा, बसून घ्या" सुरू झालं, आणि सर उठले. चुलीजवळ आमटीच्या चार बादल्या भरून ठेवल्या होत्या. त्यांनी चष्मा खिशात घातला, बाह्या वर केल्या आणि एक बादली उचलली. जड होती. खांद्यातून कळ आली, पण ती कळही त्यांना बरी वाटली. दोन पावलं टाकली असतील नसतील, अंगद धावत आला.

"सर! सर, काय करताय हे!"

"वाढतो की."

"न्हाई, न्हाई. पाव्हने बघत्यात. आमाला नावं ठेवतील." त्यानं बादलीची कडी धरली. सरांनी सोडली नाही. घटकाभर दोघे कडीला धरून उभे राहिले आणि थोडी आमटी सरांच्या पायावर सांडली. तेवढ्यात छगनदादा आला.

"दादा, मला वाढू द्या," सर म्हणाले. आवाज चिरकला. त्यांनाच तो लहान मुलाचा वाटला.

छगनदादा हसला. त्याच्या हसण्यात कुसकट असं काही नव्हतं. त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं खाली वाकून सरांचा पाय पुसला.

"तुमाला याद न्हाई," तो म्हणाला. "आमच्या भनीच्या, रतनच्या लग्नात आप्पांनी अशीच बादली तुमच्या हातात दिल्ती, छत्तीस वर्सं झाली त्याला. तुमी वही घिऊन हुबे. तुमी म्हनले, आप्पा, मला नोंदी घ्यायच्यात, दुसऱ्या कुनाला सांगा."

सरांना आठवलं नाही. आणि मग आठवलं. आप्पा, त्यांचे चुलते, घामानं भिजलेले, हातात बादली. आपण त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तिसरी पंगत मोजत होतो.

"आप्पांना राग आला असेल," सर कसंबसं म्हणाले.

"राग? छ्या! छाती फुगली त्येंची. रातच्याला समद्यांना बसवून सांगितलं, सहादेवला हितनं पुढं कुनी काम सांगायचं न्हाई. त्यो मोठ्या कामाला लागलाय. त्येच्या हाताला आमटी लागता कामा नये." छगनदादानं बादली अंगदकडे दिली. "आप्पा जाऊन वीस वर्सं झाली. पर आमी शब्द पाळलाय. हाय का एकदा तरी कुनी तुमाला काम सांगितलं?"

"नाही," सर म्हणाले. "एकदाही नाही."

कुणी रागानं बाहेर काढलं असतं तर भांडता आलं असतं. माफी मागता आली असती. पण ज्यांनी कौतुकानं, जपून, छत्तीस वर्षं शब्द पाळून बाहेर ठेवलं त्यांना काय म्हणायचं? सर निमूट खुर्चीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं माइकवर त्यांचं नाव पुकारलं गेलं. गावचं भूषण, आपल्या सर्वांचे मार्गदर्शक, वगैरे. टॉवेल-टोपी, नारळ, टाळ्या. त्यांच्या आधी नवरीच्या मामांचा सत्कार झाला आणि त्यांच्या नंतर साखर कारखान्याच्या एका संचालकाचा. टोपी डोक्याला घट्ट होत होती. सरांनी ती काढली नाही.

पण माणूस चिवट असतो, आणि समाजशास्त्राचा माणूस तर फारच. वाढू दिलं नाही ना? ठीक. शेवटी बसायला तर कुणाची ना नाही. पहिल्या पंगतीला बोलावलं, सर म्हणाले, भूक नाही. दुसरीला म्हणाले, गोळी घ्यायची आहे. तिसरी उठली तेव्हा चार वाजले होते. पाहुणे पांगले, मंडपात मळकट ऊन उतरलं, आणि वाढणारे एकेक करून जमिनीवर टेकले. आमटीनं माखलेले सदरे, मोकळे सोडलेले पाय, एकमेकांच्या टवाळ्या. कोणी बुंदी कुठे सांडली, कोण वाढता वाढता तोंडात टाकत होता. बनुबाईनं भाताचं पातेलं खरवडलं आणि ओरडून सांगितलं, "भात खलास! भाकरी हायेत सकाळच्या, चुरा आमटीत. न्हाईतर तसंच उठा!" पंगत हसली.

सर गुडघे धरत अंगदच्या शेजारी खाली बसले. कुणाच्या लक्षात आलं नाही. एक पत्रावळ सरकत आली, तिच्यावर कोपऱ्याला शिळी भाकरी पडली. त्यांनी भाकरी मोडली.

"अगं बाई!" बनुबाईचा हात थांबला. "सर जेवायचे ऱ्हायले?"

टवाळ्या थांबल्या. अंगदनं पाय आखडून मांडी घातली. पलीकडच्यानं सदऱ्याची बटणं लावली.

"मला हेच चालेल," सर घाईनं म्हणाले. "वहिनी, खरंच. भाकरीच हवी मला."

"असं कसं चालंल!" छगनदादा अंगदवर उखडला. "आरं, तुला डोळे हायेत का? सकाळपून मानूस उपाशी हाय! आचाऱ्याला म्हनावं भात टाक, ताजा. तूप काढा."

त्यांच्या पुढची पत्रावळ उचलली गेली. खाली पाट आला. अर्ध्या तासानं वाफाळता भात आला, वर तुपाची धार, बाजूला तळलेला पापड, कुठून तरी राखलेली बुंदी. तोवर बाकीच्यांची आमटी-भाकरी संपली होती. पण पंगतीतला एक जण जेवत असताना दुसऱ्यानं उठायचं नसतं, ही रीत. म्हणून पंधरा दमलेली माणसं, उष्टे हात वाळवत, गप्प बसून सरांचं जेवण संपायची वाट पाहत राहिली. कुणी जांभई दाबली. सर घास भराभर गिळत होते, जीभ भाजत होती, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ते पाणी भाताच्या वाफेनं आलंय असं समजायला सगळे मोकळे होते.

"सर, पोट भरलं ना?" छगनदादानं विचारलं. "काय कमी-जास्त?"

आमटी खारट झाली होती. घरचा माणूस असता तर तेच पहिलं बोलला असता.

"छान झालं सगळं," सर म्हणाले.

छगनदादाचा चेहरा उजळला. "मंग झालं," तो म्हणाला. "तुमी म्हनले म्हंजी मांडव गोड झाला." आणि पंगत उठली.