अठरा फूट

खुर्चीचा मागचा पाय भिंतीला घासला आणि चौघंही जागच्या जागी थांबले. खुर्चीत टेलरमास्तरांचे वडील होते. मान एका बाजूला कललेली, ओठ निळसर पडलेले. रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी उभी होती. आत ती शिरली असती, पण वळणावर अडकली असती, आणि एकदा अडकली की मागेही नीट घेता येत नाही, हे ड्रायव्हरला मागच्या खेपेपासून पक्कं ठाऊक होतं. म्हणून मास्तरांच्या घरातली हातांची खुर्ची, तिच्यात म्हातारा, आणि चार बाजूंना हाताला लागतील ती चार माणसं.

त्यांतले एक मोजणीसाहेब होते. वय अडुसष्ट. खुर्ची उचलायला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं; आरडाओरडा ऐकून ते अंगावरच्या बनियनवरच धावत आले होते.

"तिरकी करा," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता.

खुर्ची तिरकी केली तसा म्हातारा घसरला. सुनेने त्याला काखेतून धरलं. मोजणीसाहेबांचं कोपर भिंतीच्या खरबरीत गिलाव्यावर सोलवटून निघालं, पण खुर्ची मोकळी झाली आणि वळण पार झालं. पुढे सगळे जवळजवळ पळतच गेले.

म्हातारा वाचला. आणखी दहा मिनिटं गेली असती तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं मास्तरांनी परत आल्यावर साऱ्या गल्लीला सांगितलं. ऐकणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग प्रत्येकाची नजर आपसूक त्या वळणाकडे गेली. मोजणीसाहेब मात्र कोपरावर फडकं दाबून घरात निघून गेले.

ती भिंत त्यांचीच होती.

जमीनमोजणीच्या खात्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. त्यांचं खरं नाव वस्तीत फारसं कुणाला आठवत नसे. भावाभावांची भांडणं, बांधाबांधांवरच्या मारामाऱ्या त्यांनी टेप लावून मिटवल्या होत्या. साहेबांनी आकडा सांगितला की दोन्ही बाजू गप्प बसत, कारण हा माणूस कुणाकडचा चहासुद्धा घेत नाही अशी त्यांची ख्याती होती. आणि एकतीस वर्षांपूर्वी स्वतःचं घर बांधताना, पाया आखणाऱ्या गवंड्याने दोरी गल्लीच्या अंगाला थोडी सरकवून धरली, "सगळेच घेतात, साहेब," म्हणाला, तेव्हा त्यांनी काहीच केलं नव्हतं. फक्त मान दुसरीकडे वळवली होती. घराचं दार त्यांनी मागच्या रस्त्याला काढलं. गल्लीच्या बाजूला अंगणाची पुरुषभर उंचीची कोरी भिंत राहिली. त्या बाजूने जायची वेळ आलीच, तर ते पायांखाली बघत चालत.

रविवारी सकाळी शाळेच्या खोलीत बैठक झाली. वॉर्डातून दोन नगरसेवक निवडून आले होते आणि दोघं दोन पक्षांचे. एक बालवाडीच्या बाई. निम्म्या वस्तीला त्यांनी नाक पुसायला शिकवलं होतं. दुसरे आप्पा, पालिकेच्या बांधकाम विभागात कारकुनी करून निवृत्त झालेले आणि मग राजकारणात पडलेले. बाईंनी दिवा लावू म्हटलं की आप्पांना अंधार बरा वाटायचा. एरवी एक आला की दुसरा काढता पाय घेई. त्या दिवशी मात्र दोघं मुलांच्या एकाच बाकावर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले होते आणि त्यांना तसं बघून लोकांना हसूही येत होतं, धीरही वाटत होता.

बाईंनी कामाचं बोलून टाकलं. पालिकेच्या यादीत गल्लीचं रुंदीकरण घालता येईल. पण सरकारी मोजणीसाठी रांग लावली तर वर्ष जाईल, कदाचित दीड. त्याऐवजी जाणकार माणसाने मोजून दिलेला नकाशा दोन्ही नगरसेवकांच्या सह्यांनी गेला, तर याच हंगामात काम धरतो, असा शब्द त्यांनी मिळवला होता.

"दोन्ही सह्या," त्या म्हणाल्या आणि आप्पांकडे न बघता पुढे म्हणाल्या, "माझी आहे."

"माझी नाही असं कोण म्हणतंय?" आप्पा म्हणाले.

मग जाणकार माणूस शोधायला कुठे जायचं नव्हतं. सगळ्या माना मोजणीसाहेबांकडे वळल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कंबर धरते, असं काहीसं ते म्हणायला लागले होते. तेवढ्यात मास्तर उठून उभे राहिले. वळणाच्या दुसऱ्या अंगाला मास्तरांचं दुकान होतं; दुकान म्हणजे घराची पुढची पडवी, तिच्यात एक मशीन आणि कापड कापायचं फळकूट.

"साहेब, माझं पुढं आलं असेल तर माझं पाडा," मास्तर म्हणाले. "मशीन मी आत घेईन. कसंही करून घेईन. पण तुम्ही मोजा. तुम्ही मोजलं तर मला मान्य."

साहेबांनी मान हलवली. बुधवारी सकाळी मोजायचं ठरलं.

ते तीन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. मास्तरांच्या घरात मशीन ठेवायला आत जागा नव्हती, हे त्यांना माहीत होतं. पलंग होता, आणि आता त्यावर आजारी म्हातारा असणार होता. बायकोने दोनदा विचारलं, कोपर दुखतंय का. ते हो म्हणाले.

बुधवारी ऊन चढायच्या आत काम सुरू झालं. साहेबांनी जुन्या नकाशाची घडी कट्ट्यावर उलगडली आणि जमलेल्यांना समजावून सांगितलं. गल्ली बारा फुटांची आहे. वळणावर ती नऊच भरते, हे डोळ्यांनाही दिसतं. पण कोण पुढे आलंय हे ठरवायचं तर हद्दीच्या दगडापासून मोजायला हवं. तो दगड विजेच्या खांबामागच्या गवतात होता. तिथपासून साहेबांची भिंत नकाशात अठरा फुटांवर दाखवली होती. तेवढी भरली तर भिंत बरोबर, आणि मग मास्तरांची पडवी पुढे आलेली.

"मी धरतो तिकडचं टोक," असं म्हणून आप्पा आपणहून खांबामागे जाऊन उकिडवे बसले. त्यांना असं कुणी वाकलेलं बघितलं नव्हतं. बाई वही उघडून मधोमध उभ्या राहिल्या. मास्तर पडवीच्या पायरीवर हात बांधून उभे होते. चेहरा कोरा.

साहेब टेप सोडत भिंतीपर्यंत आले. आकडा किती येणार हे त्यांना एकतीस वर्षं ठाऊक होतं. पंधरा फूट दोन इंच. तो वाचायचा, भिंतीकडे बोट करायचं आणि मग जे होईल ते होवो, असं त्यांनी पहाटे अंथरुणात ठरवलं होतं. टेप भिंतीला टेकवून त्यांनी अंगठ्याखालचा आकडा बघितला.

अठरा.

त्यांनी चष्मा वर सारला, पुन्हा बघितलं. अठराच होते. टेप नीट ताणलेला होता.

"किती, साहेब?" बाईंनी विचारलं.

एवढा एक शब्द उच्चारला की झालं. बाई लिहितील, आप्पा सही करतील, मास्तर मान्य करतील. त्यांनी आधीच करून टाकलं होतं. साहेबांनी टेपवर एक वीट ठेवली आणि ते टेपच्या कडेकडेने खांबाकडे चालत गेले.

आप्पांचा एक पाय गवतात रोवलेला होता. चपलेखाली दगडाचं टोक दिसत होतं. टेपचं टोक त्यांनी त्याच्या बरंच मागे, पार गटाराच्या काठाशी धरलं होतं.

आप्पांनी वर बघितलं नाही. "अठरा आले ना?" ते हळूच म्हणाले. "लिहायला सांगा की. कशाला उगाच?"

साहेबांना क्षणभर वाटलं, हा माणूस आपल्याला वाचवतोय. मग आप्पांच्या कपाळावरचा घाम त्यांनी बघितला आणि त्यांच्या लक्षात आलं. घराचा नकाशा ज्या टेबलावरून मंजूर झाला होता, त्या टेबलामागे तेव्हा एक बारीक मिशीचा तरुण कारकून बसायचा. त्याने जागेवर येऊन भिंत तपासायची होती. तो आला होता, चहा पिऊन गेला होता. चहा साहेबांनीच दिला होता.

"आप्पा," साहेब म्हणाले, "पाय काढा."

आप्पा तसेच बसून राहिले.

"काढा पाय. टोक दगडावर धरा."

आप्पांनी पाय काढला. टेप सरकला. साहेब परत भिंतीपाशी गेले, वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पंधरा फूट दोन इंच. भिंत दोन फूट दहा इंच गल्लीत आहे. मास्तरांची पडवी तिच्या हद्दीत आहे." मग थांबून ते म्हणाले, "बांधली तेव्हाच मला माहीत होतं."

मास्तर पायरीवरून खाली उतरले, पण पुढे आले नाहीत. सोलवटलेल्या कोपरासारखं काहीतरी साऱ्यांसमोर उघडं पडलं होतं आणि कुठे बघावं हे कुणाला कळत नव्हतं. तेवढ्यात खांबामागून आप्पा गुडघ्यांवर हात देऊन उठले.

"मंजुरीवर सही माझी होती," ते म्हणाले. "मी बघून गेलो होतो."

आता सगळे बाईंकडे बघायला लागले. निवडणूक आठ महिन्यांवर आली होती. आप्पांचा पक्ष गल्लीतून उठवायला याहून जास्त काही लागलं नसतं, आणि ते सांगायला बाईंना वाणीही होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"पंधरा फूट दोन इंच," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "वहीत आकड्याचाच रकाना आहे. दुसरं काही लिहायला जागा नाही. आप्पा, टोक उचला. पुढचं माप घ्यायचंय."

त्या दुपारी साहेब जेवायला बसले तेव्हा बायकोने वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं, "सांगितलंत?"

त्यांनी मान वर केली.

"तुला कुणी सांगितलं?"

"आज कुणी कशाला सांगायला हवं? प्लॉट मोकळा होता तेव्हा मी पावलाला पाऊल लावून मोजला होता, हे घर होणार, हे अंगण होणार, म्हणून. भिंत झाल्यावर परत तसंच मोजलं. अंगण तीन पावलांनी वाढलं होतं." तिने भाजीचं भांडं खाली ठेवलं.

"मग बोलली का नाहीस? एवढी वर्षं?"

"तुम्ही मोजणीवाले. तुम्हाला मी काय सांगणार?" ती म्हणाली. "म्हटलं, सांगतील कधीतरी. आज जेवा नीट."

आणि ते जेवले.

आठवडाभर गल्लीत चर्चा झाली, नाही असं नाही. पाणी भरताना, दुकानाच्या फळीवर, दोन शब्द इकडचे दोन तिकडचे. पण मग कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने आपली पुढे आलेली पायरी स्वतःच फोडून टाकली. वरच्या घरातल्या दोघी बहिणींनी पाण्याच्या टाकीचा कट्टा मागे घेतला. कुणी कुणाला सांगायला गेलं नव्हतं. साहेबांनी स्वच्छ नकाशा काढला. खाली दोन सह्या झाल्या, दोन वेगळ्या शाईंच्या. कागद पालिकेत गेला आणि हंगाम संपायच्या आत काम धरलं गेलं.

भिंत पाडताना पहार साहेबांनी मागून घेतली, पण दोन घावांत त्यांची दमछाक झाली. मग मास्तरांनी त्यांच्या हातातून ती काढून घेतली. मास्तर संध्याकाळपर्यंत तिथेच होते. धडक्या विटा निवडून त्यांनी साहेबांच्या अंगणात रचून ठेवल्या. नव्या भिंतीला उपयोगी पडतील म्हणाले.

रस्ता झाला. पालिकेने खात्री करायला रुग्णवाहिका आत घातली. ती वळली आणि मास्तरांच्या वडिलांनी पडवीत बटणं लावता लावता मान उचलून बघितलं. पाटी कुणाच्या नावाची लावायची यावरून बाई आणि आप्पा दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी दोघंही पुढच्या गल्लीतल्या गटाराच्या मागे लागले आणि पाटी राहूनच गेली.

नव्या भिंतीचा पाया साहेबांनी स्वतः आखला. हद्दीवर, ना इंच पुढे ना मागे. गवंडी विटा लावायला बसला तेव्हा बायको कमरेला पदर खोचून बाहेर आली आणि भिंतीच्या मधोमध उभी राहिली.

"इथं फाटक ठेवा," ती म्हणाली.

गवंड्याने हातातली थापी थांबवली. आखणीत फाटक कुठेच दाखवलेलं नव्हतं. त्याने विचारलं, किती फुटांचं?

साहेब टेप उघडत पुढे झाले. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. समोरच्या पडवीत मास्तरांची बायको तिला हात करत होती, तिकडे बघत तिने दोन्ही हात पसरले.

"एवढं. दोघीजणी बरोबर जाऊ-येऊ शकतील एवढं."

गवंडी साहेबांकडे बघत राहिला.

साहेबांनी टेप मिटला.

"ठेवा तेवढं," ते म्हणाले.