शेवंतीआयच्या कानामागचे मशीन

मित्रांनो, मी एक जुने श्रवणयंत्र आहे. नाव भारदस्त असले तरी मी आहे काजूएवढे. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात मला सगळे ‘आयचं मशीन’ म्हणतात, आणि खरे सांगायचे तर मला तेच जास्त आवडते.

माझा जन्म वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी भिंगातून बघत माझ्या पोटातल्या केसासारख्या तारा जोडल्या, वर रंगाचा हात दिला आणि मला मखमली डबीत ठेवले. त्या डबीत मी स्वतःला फार मोठे समजत असे.

मी आले शेवंतीआयकडे. त्या मासळीबाजारात बसतात. ती जागा त्यांच्या सासूची, आणि तिथे त्यांचा सगळा जन्म गेलेला. वय झाले तसे त्यांचे कान दगा देऊ लागले, म्हणून सून समिधा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथे कान तपासणाऱ्या योगिनीताईंनी काय त्रास होतो असे विचारले. शेवंतीआय म्हणाल्या, “आवाज येतो गो बाय, पन बोलना नाय कलत.”

योगिनीताईंनी मान डोलावली आणि समिधाला समजावून सांगितले. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर भरघोस असतात, ते लांबूनही ऐकू येतात. ‘स’, ‘त’, ‘फ’ म्हणजे मात्र नुसती फुंकर. पण शब्द कोणता हे बरेचदा ती फुंकरच सांगते. कान धड असेल तर शब्दाची सुरुवात ऐकूनच डोके तो ओळखायला लागते. फुंकर निसटली की डोके तिथेच अडते, आणि बोलणारा तोवर पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. ‘प’ किंवा ‘म’ म्हणताना ओठ मिटतात, म्हणून समोरच्याचे तोंड दिसले तर डोळेही मदतीला येतात. एवढे सांगून त्यांनी मला शेवंतीआयच्या कानाला जुळवून दिले. फुंकरा उचलून धरायच्या, हे माझे काम.

घरात माझे भलते कौतुक झाले. दामाजीबाबा, म्हणजे शेवंतीआयचे यजमान, तसे अबोल. तेही संध्याकाळी समोर बसून गप्पा मारू लागले. मला अगदी धन्य वाटायचे.

बाजारात मात्र माझी दाणादाण उडाली. बर्फ फोडल्याचा, कोयत्यांचा, पत्र्यावर पाणी मारल्याचा, साऱ्या कोळणींच्या हाकांचा आवाज मी इमानाने मोठा करून कानात ओतत होते. त्यात एका बाईंना मसाला भरायला अख्खे पापलेट हवे होते आणि शेवंतीआयने त्याचे तुकडे करून ठेवले. बाई ओरडून बोलू लागल्या. ओरडले की स्वर आणखी फुगतात आणि बिचारी फुंकर त्यांच्याखाली दबून जाते, हे त्यांना कोण सांगणार? रांगेतली माणसे हसली. घरी येताच शेवंतीआयने मला काढले आणि कपाटातल्या डब्यात टाकले.

ही गोष्ट मुलाच्या, सुदेशच्या, कानावर गेली. मुलगा वाईट नाही हो. आईला लोक हसले हे त्याला सोसवेना. नारळी पौर्णिमा झाली की जागेवर चुलत बहीण माया बसेल आणि आय घरी आराम करेल, असे त्याने ठरवून टाकले. पण बाजार सुटला असता तर दिवसभर शेवंतीआयला नावाने हाक मारणारे कोण उरले असते? मी डब्यात पडून होते, सेल मेलेला, नळीत खारट ओल. मला फार वाईट वाटत होते.

समिधाला ते पटत नव्हते. मशीन घातल्यावर घरात आईंना इतके समजायचे, मग बाजारातच काय होते, हे बघायला ती एका रविवारी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. थोड्याच वेळात तिच्या लक्षात आले. गिऱ्हाईक आईंशी बोलतच नव्हते, ते माशांशी बोलत होते! मान खाली, डोळे माशांच्या कल्ल्यांवर. तोंड दिसणार कसे?

तिने मला डब्यातून काढून योगिनीताईंकडे नेले. नळी बदलली, सेल घातला, मागचा गोंगाट जमेल तितका कमी केला. मग तिने सुचवले, ‘वर बघून बोला’ अशी पाटी लावू. शेवंतीआय तडकल्या. “पाटी लावून मी बहिरी हाय ता गावाला सांगू?”

पाटीचा बेत राहून गेला, मी मात्र पुन्हा कानामागे बसले. आणि श्रावणाआधीचा रविवार आला. त्या दिवशी मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते. सुदेशही आईला मदत करायला आला होता. पहिल्याच गिऱ्हाइकाने टोपलीतल्या माशांकडे बघत काहीतरी पुटपुटले. शेवंतीआयने त्यातले ताजे पापलेट शेपटीला धरून उचलले आणि आपल्या गालाशी नेले. गिऱ्हाइकाची नजर माशाबरोबर वर आली, चेहरा वर आला, आणि त्याने पुन्हा विचारले. आता त्याचे ओठ दिसत होते. फुंकरा मी पोचवल्या, बाकीचे डोळ्यांनी केले. “अख्खा ठेवू ना?” असे त्यांनी एकदा पक्के करून घेतले आणि कोयता बाजूला ठेवला. मग दिवसभर तेच. लोकांना वाटले, आज कोळीण मासा झोकात दाखवते आहे. सुदेश सारे बघत होता.

गर्दी ओसरल्यावर तो पाण्याची बादली उचलता उचलता खाली बघूनच काहीतरी बोलला. शेवंतीआयने हातातली कोळंबी ठेवली आणि ओल्या बोटांनी त्याची हनुवटी वर केली. त्याचे डोळे भरले होते.

“आय,” तो म्हणाला, “मायाला नको म्हनून सांगतो. तूच बस.”

यावेळी त्यांना पुन्हा विचारून पक्के करून घ्यावे लागले नाही.

मित्रांनो, मला ओल लागू देऊ नका, माझी नळी साफ ठेवा, सेल वेळेवर बदला, एवढे तर सांगायलाच हवे. पण तुमच्या घरात, शेजारी कुणाला कमी ऐकू येत असेल, तर ओरडू नका. जवळ जा, समोर या, मान वर करा आणि मग बोला. मी आवाज कानापर्यंत नेते, तुमचा चेहरा मला नेता येत नाही.