नऊ तबकांचा बाजार

लंगकावीला जाणारी सकाळची बोट सुटली तेव्हाच रोकियाचे पाय भरून आले होते. पहाटे चारला उठून तिने नारळी भाताच्या पुड्या बांधल्या होत्या, आणि शेवटची पुडी बांधताना लेक सुराया दारात येऊन म्हणाली होती, "माक, फिक्री नाही म्हणाला. काल फोन आला."

फिक्रीशी तिचा साखरपुडा शनिवारी होता. नवऱ्या मुलाकडून भेटींची सात तबकं येणार, म्हणजे रिवाजाने मुलीकडून दोन जास्त, नऊ गेली पाहिजेत. ती भरायला म्हणून हा बेटावरचा बिनजकातीचा बाजार. दोन तिकिटं काढून काक लाँग कुआला कडाहच्या धक्क्यावर उभी होती. काक लाँग म्हणजे रोकियाच्या नवऱ्याची थोरली बहीण. फिक्रीचं स्थळ तिनेच आणलेलं. तो तिच्या नवऱ्याच्या, पाक लाँगच्या, नात्यातला.

तिला सांगायचं तरी कसं? रोकियाचा नवरा गेला त्याला आठ वर्षं झाली. बाकीचे दीर-नणंदा ईदपुरते उरले. दर शुक्रवारी मासळी घेऊन दारात येणारी ही एकटीच. स्थळ मोडलं हे कळलं, तर लाजेने ही पुन्हा उंबरा चढायची नाही, आणि मग सासरचं म्हणून कोणीच उरायचं नाही. अवघड जागचं दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात; इथे तर जावईच दुखणं होऊन बसला होता. रोकिया मूग गिळून बोटीत चढली.

बेटावरच्या कुआ गावातली दुकानं ती तीस वर्षं ओळखत होती. एकात चॉकलेटं, दुसऱ्यात अत्तरं, तिसऱ्यात काचेच्या ताटल्यांचे डोंगर. एरवी काक लाँग दुकानदाराला रडवून सोडायची. आज तिची जीभ कुठे हरवली होती कोण जाणे.

"ही सोनेरी कागदाची चॉकलेटं घेऊ?" रोकियाने विचारलं.

"नको गं, साधी घे. पोराटोरांना वाटता तरी येतील."

"तबकात साधी?"

"अगं, खाल्ल्यावर सगळी सारखीच." आणि दुकानदाराकडे वळून, "काय रे, नाही लागली तर परत घेशील?"

"मावशी, विकलेला माल परत नाही."

"मग एक डबा कमी कर."

रोकियाला बरंच वाटलं. अत्तराच्या दुकानात तिने स्वतःच सगळ्यात छोटी बाटली उचलली. काक लाँगने हूं की चूं केलं नाही. नमाजाची चटई घेतली, ताटल्या घेतल्या. दुपारच्या उन्हात पिशव्यांचे बंद बोटांत रुतत होते. कोणासाठी चाललीय ही हमाली? रोकियाला रडू येत होतं, आणि रडायलाही अंगात त्राण नव्हतं.

शेवटचं दुकान चपलांचं. काक लाँग आत शिरताच स्टुलावर कोसळली आणि सँडल काढून घोटे चोळू लागली.

"नवरदेवाला चामड्याच्या हव्यात ना? कितवा नंबर?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"सहा," काक लाँग डोळे मिटूनच म्हणाली.

रोकिया जागीच थबकली. ह्याच काक लाँगने रमजानात साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं, 'पोरगा ताडमाड आहे, पाय म्हणाल तर होडीचं वल्हं!' वल्ह्याला कुठला सहा नंबर? सहा नंबर पाक लाँगचा. बारीक चणीचा माणूस तो. ईदला स्वतःच्या चपला बायकांच्या ढिगात शोधतो.

"काक लाँग," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला कधी कळलं?"

काक लाँगने डोळे उघडले.

"काल रात्री. त्याच्या आईचा फोन आला. आणि तुला?"

"पहाटे."

"मग मेले, दिवसभर मला उन्हात का फिरवलंस?"

"तुम्ही का फिरलात?"

"मी आणलं होतं गं ते स्थळ!" काक लाँगचा आवाज फाटला. "म्हटलं, आजचा दिवस तरी तुझ्याबरोबर काढावा. उद्यापासून कुठल्या तोंडाने येऊ तुझ्या दारात?"

रोकिया तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. पिशव्या दोघींच्या मध्ये होत्या, त्या तिने बाजूला सारल्या.

मुलगी खोका घेऊन आली, सहा नंबरचा. दोन म्हाताऱ्यांचे भरलेले डोळे बघून ती बिचारी गोंधळली.

"नवरदेवासाठी ना? लाल कागदात बांधू?"

"नको, अशाच दे," रोकिया म्हणाली. "घरातल्याच माणसाच्या आहेत. शुक्रवारी येईल तो मासळी घेऊन, ह्यांच्याबरोबर."